अमेरिकेच्या डिफेन्स कॉन्ट्रॅक्टमधला कोड ओपन सोर्स कसा करायचा

कोडला हात लावायच्या आधी कॉन्ट्रॅक्ट उघडा आणि डेटा राइट्सचं (कोडवर कोणाचे काय हक्क ते ठरवणारं) कलम शोधा, बाकी सगळं नंतर. डिफेन्सच्या कामात ते बहुतेक वेळा डीफार्स (संरक्षण खात्याची खरेदी नियमावली) २५२.२२७-७०१४ असतं, त्यात कॉपीराइट साधारणपणे कंत्राटदाराकडेच राहतो आणि सरकारला वापराचे हक्क मिळतात, म्हणजे ओपन सोर्स लायसन्स (कोड कोणालाही वापरायची परवानगी) लावायचा चान्स तुमच्याकडे आहे. सिव्हिलियन खात्यांत फार ५२.२२७-१४ निघालं (हे सरकारच्या सर्वसाधारण खरेदी नियमावलीचं नाव आहे, 'खूप' या अर्थाने नाही) तर कोडवर कॉपीराइटचा हक्क सांगायला आधी कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरची (सरकारतर्फे कॉन्ट्रॅक्ट सांभाळणारा अधिकारी) लेखी परवानगी लागते, तोंडी 'हो हो करा' चालत नाही.

टीममधे सरकारी कर्मचारी असेल तर त्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या ओळींना अमेरिकेत कॉपीराइटच नसतो, त्यामुळे कोणी काय लिहिलं ते पहिल्या दिवसापासून नोंदवा, नंतर उकरत बसायला जीव जातो.

कोणी म्हणालं की ओपन सोर्स चालतच नाही, तर पेंटॅगॉनचा २००९ चा मेमो दाखवा, त्यात बहुतेक ओपन सोर्स हे कमर्शियल, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरसारखंच धरलंय.

सगळ्यात जास्त घोळ होतो पब्लिश करताना. रिलीजची मंजुरी आणि आयटारची (शस्त्रास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरचे अमेरिकी नियम) तपासणी झाल्याशिवाय कोड पुश, म्हणजे ऑनलाइन अपलोड करू नका, आणि जुनी रेपो (कोडचा साठा) तशीच पब्लिक तर अजिबात करू नका. फाइल डिलीट केली तरी गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल साठवणारं टूल) हिस्टरीत पासवर्ड, सर्व्हरचे आयपी पत्ते, कमिट मेसेजमधली (बदल नोंदवताना लिहिलेली टीप) 'अमुक रडारसाठी फिक्स' अशी ओळ सगळं जिवंत असतं. नवीन रेपो काढा, साफ केलेला कोड एकाच कमिटमधे टाका.