शीतगृहात लीन राबवताय? या चुका टाळा

लीनचं, म्हणजे कामातला अपव्यय शोधून कमी करण्याच्या पद्धतीचं, प्रशिक्षण संपलं की पहिल्याच आठवड्यात गोदामाच्या जमिनीवर पिवळे पट्टे उमटतात. मग रॅकला रंगीत पाट्या, भिंतीवर फलक आणि फलकावर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. काही महिन्यांत फोर्कलिफ्टच्या चाकांखाली पट्टे पुसट होतात, पॅलेट (माल रचून उचलायचे सपाट चौथरे) पुन्हा वाटेत येऊन उभे राहतात आणि लोक म्हणू लागतात, “आपल्याकडे हे चालत नाही.” बहुतेक ठिकाणी खरी गोची एवढीच असते, की माल कुठे अडतो हे बघण्याआधीच रंगाचा डबा उघडलेला असतो.

लीन जिथून आली त्या टोयोटाच्या ताइची ओनो यांनी सात अपव्यय सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, हालचाल आणि दोष. ही यादी कारखान्यातून आली. गोदामाला ती लागू पडते, पण शीतगृहात या प्रत्येक अपव्ययाची किंमत दोनदा मोजावी लागते, एकदा वेळेत आणि दुसऱ्यांदा उष्णतेत. फोर्कलिफ्टवाला कागदाची वाट बघत दारात थांबला, तर दारही तेवढाच वेळ उघडं राहतं. म्हणून शीतगृहात लीनची सुरुवात दारापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

दार उघडं राहिलं की माणसाला दोष देणं

सगळ्यात महागडी चूक ही, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच होतं. बाहेरची हवा नुसती गरम नसते, दमट असते. तिच्यातली वाफ कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर, जाऊन बर्फ होते. १ किलो वाफेचा बर्फ होताना साधारण २.८ मेगाज्यूल, म्हणजे जवळपास ०.८ युनिट एवढी उष्णता यंत्रणेला बाहेर काढावी लागते. गोष्ट इथेच संपत नाही. कॉइलवरचा बर्फ हवेची वाट अडवतो, मग तो वितळवायला डीफ्रॉस्टमध्ये आपणच आत उष्णता सोडतो आणि तीही पुन्हा बाहेर काढतो. एकाच वाफेचे पैसे तीनदा जातात.

“दार बंद ठेवा” अशी पाटी लावून काही होत नाही. घड्याळ घेऊन कामाच्या ऐन वेळी तासभर दाराशी उभे राहा. दार किती वेळ उघडं होतं आणि त्यातला किती वेळ खरोखर काही आत-बाहेर गेलं, एवढंच लिहा. दोन्हींमधली तफावत हा तुमचा अपव्यय. मग ‘का’ विचारत मागे जा. दार उघडं का? फोर्कलिफ्ट सारखी ये-जा करते म्हणून. सारखी का? एकाच चेंबरमधला माल एकेक पॅलेट करून काढतात म्हणून. असं का? पिकिंगची, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढण्याची, यादी ऑर्डर येईल त्या क्रमाने छापली जाते, चेंबरप्रमाणे नाही म्हणून. म्हणजे दाराचं दुखणं ऑफिसातल्या प्रिंटरपाशी निघालं! यादी चेंबरनिहाय लावली आणि काढलेला माल अँटीरूममध्ये (चेंबरच्या दाराबाहेरच्या थंड खोलीत) गाडीप्रमाणे जुळवला, तर दार आपोआप कमी वेळा उघडतं.

प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदाही एकदा नीट बघा. पुष्कळ ठिकाणी त्या पट्ट्या बाजूला सारून दोरीने बांधून ठेवलेल्या असतात. हा आळस नसतो. पट्ट्यांवर बाष्प गोठून त्या पांढऱ्या झालेल्या असतात आणि पलीकडून माणूस येतोय की फोर्कलिफ्ट, हे चालकाला दिसत नाही. जीव सांभाळायला तो पडदा बांधून ठेवतो. तिथे दंड लावून उपयोग नाही. पट्ट्या बदला, अँटीरूममधली आर्द्रता कमी करा किंवा वर्दळ जास्त असेल तर झटपट उघडमीट होणारा दरवाजा बसवा.

साठवणुकीच्या चेंबरला माल थंड करायला लावणं

साठवणुकीचं चेंबर थंड माल थंड ठेवण्यासाठी बांधलेलं असतं. माल थंड करायला प्री-कूलिंग (आत ठेवण्याआधी गार करणं) किंवा ब्लास्ट फ्रीझर (जोराच्या गार वाऱ्याने माल झटपट गोठवणारं यंत्र) लागतो. १ टन फळं हवी त्यापेक्षा १० अंशांनी गरम आली, तर सुमारे १० ते ११ युनिट उष्णता आत आली. आकडा छोटा वाटेल. खरा त्रास वेगळा आहे. घट्ट रचलेल्या पॅलेटच्या गाभ्यापर्यंत गारवा पोचायला दिवस लागू शकतात आणि तोवर शेजारचा चांगला मालही गरम होत राहतो. गोठवलेल्या मालात तर प्रकरण आणखी अवघड. पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, साधारण तेवढीच त्याचा बर्फ करायला काढावी लागते. त्यामुळे अर्धवट वितळलेला माल ‘आत ठेवला की होईल ठीक’ हा भ्रम आहे. तो गोठतो, पण सावकाश, मोठे स्फटिक तयार करत, आणि पोत बिघडवून.

दोष पुढच्या टप्प्यावर ढकलायचा नाही हे लीनचं मूळ सूत्र इथे डॉकवर, म्हणजे गाड्यांतला माल चढवतात-उतरवतात त्या फलाटावर, लागू होतं. गाडीतल्या स्क्रीनवर दिसतं ते हवेचं तापमान. दोन खोक्यांच्या मध्ये थर्मामीटर घालून मालाचं तापमान घ्या, तेही फक्त दाराजवळच्या पॅलेटचं नाही. माल परत पाठवायचा की ब्लास्टला घ्यायचा, याचा निर्णय तिथल्या तिथे घेण्याचा अधिकार डॉकवरच्या माणसाकडे हवा. त्याला साहेबांच्या फोनची वाट बघावी लागत असेल, तर तो माल उन्हात तापत उभा राहणार हे धरूनच चाला.

“थोडं जास्त थंड असलेलं बरं”

उणे १८ पुरेसं असताना उणे २४ लावून ठेवणं ही निव्वळ अनावश्यक प्रक्रिया. कॉइलमधलं तापमान एक अंश खाली नेलं की कॉम्प्रेसरचा वीजवापर साधारण २ ते ३ टक्क्यांनी वाढतो. शिवाय प्रत्येक मालाला जास्त थंडी मानवतेच असं नाही. केळी सुमारे १३ अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते. २ ते ८ अंशांत ठेवायच्या अनेक लसी एकदा गोठल्या की निकामी होतात.

पण लोक तापमान खाली का नेतात? बहुतेक वेळा आकड्यावर विश्वास नसतो म्हणून. सेन्सर पंख्यासमोर लावलेला असतो, कोपऱ्यातला माल मऊ लागतो, मग सुपरवायझर सेटिंग खाली ढकलतो. सेन्सरची जागा बदला. तो बर्फाच्या पाण्यात तपासा: भांड्यात चुरलेला बर्फ आणि त्याच्या फटी भरतील एवढंच स्वच्छ पाणी, नीट ढवळा, काही मिनिटं थांबा. आकडा शून्यावर यायला हवा. विश्वास बसला की सेटिंग वर आणायला कोणी कुरकुरत नाही. पंख्यांचंही तसंच आहे. वेग ८० टक्क्यांवर आणला की पंख्याची वीज साधारण निम्म्यावर येते, आणि पंख्याची वीज शेवटी चेंबरात उष्णता म्हणूनच उतरते. फक्त वेग कमी केल्यावर लांबच्या कोपऱ्यातलं तापमान बघायला विसरू नका.

रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, हा समज

रॅक गच्च भरले की मालक खूश होतो. पण साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेलं की नव्या मालाला जागा करण्यासाठी जुना माल हलवण्यातच पाळी संपते. शीतगृहात वारा अडतो तो वेगळाच. पॅलेट भिंतीला टेकवलं किंवा कूलरच्या तोंडापर्यंत रचलं की मागचा माल गरम राहतो आणि दोष मशीनवर जातो.

ड्राइव्ह-इन रॅकबद्दल, म्हणजे फोर्कलिफ्ट थेट आत शिरून पॅलेटमागे पॅलेट लावते त्या रॅकबद्दल, दोन शब्द. जागा वाचते हे खरं, पण शेवटी ठेवलेलं पॅलेट आधी निघतं. एकाच खेपेचा, एकाच मुदतीचा भरपूर माल असेल तर उत्तम. वेगवेगळ्या मुदतींचा माल त्यात घातला की आतलं एक पॅलेट काढायला पुढची तीन हलवा, असा खेळ सुरू होतो. आणि मुदतीच्या मालात ‘आधी आला तो आधी गेला’ हा नियमही अपुराच. आधी मुदत संपणारा आधी जायला हवा, कारण उशिरा आलेल्या खेपेची मुदत कमी असू शकते.

पाठ केलेली लीन

“जास्त खपाचा माल दाराजवळ” हा साध्या गोदामातला शहाणा नियम. शीतगृहात दाराजवळची जागा तापमान आणि आर्द्रता सर्वांत जास्त डोलणारी असते. तिथे तेच ठेवा जे लवकर निघतं आणि थोडा चढउतार सोसतं. वारंवार तापमान हललं की पाकिटात आतल्या बाजूने बर्फाची भुकटी जमते. नाजूक माल पाच पावलं आत ठेवलेला परवडतो.

साठा म्हणजे अपव्यय, हेही तसंच. हंगामी पीक काही आठवड्यांत येतं आणि वर्षभर लागतं. तो साठा म्हणजे तुमचा धंदाच आहे. का ठेवलाय हे कोणालाच सांगता येत नाही, तो साठा शोधा. त्यासाठी फाइव्ह एस या जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पाच पायऱ्यांच्या पद्धतीमधली पहिली पायरी, नको ते बाजूला काढणं, मनापासून करा. मागच्या कोपऱ्यात मालकाचा पत्ता नसलेली पॅलेट सापडतील, फाटकी खोकी सापडतील आणि हमखास रिकामे लाकडी पॅलेट सापडतील. रिकामं लाकूड उणे १८ वर का जपायचं? तिसरी पायरी, म्हणजे सफाई, मात्र जपून. उणे तापमानाच्या चेंबरात पाणी मारलं की जमीन काचेसारखी होते. तिथे खरवडणी आणि कोरडा झाडूच.

माणसांच्या वेगाचं मोजमापही साध्या गोदामातून उचलून आणू नका. जाड हातमोज्यांनी छोटं बटण दाबता येत नाही, बाहेर आल्यावर स्कॅनरच्या काचेवर बाष्प धरतं आणि साधं लेबल गोठलेल्या खोक्यावर चिकटत नाही. पिकर हळू नसतो, त्याची हत्यारं चुकीची असतात.

काय दिसलं तर कुठे बघायचं

दाराच्या वरच्या छताला बर्फाचे सुळे लोंबत असतील तर कॉम्प्रेसरवाल्याला बोलावण्याआधी दाराचं रबर आणि दार उघडं राहण्याचा वेळ बघा. कॉइलवर बर्फ सगळीकडे सारखा न धरता एकाच बाजूला जाड असेल, तर हवेची वाट किंवा डीफ्रॉस्टचा हीटर तपासा. खोकी खालून दबत असतील तर पुठ्ठ्याने ओल खाल्ली आहे. अँटीरूममध्ये माल किती वेळ थांबतो ते मोजा.

संगणकात माल आहे पण जागेवर नाही, असं वारंवार होत असेल तर वर्षातून एकदाची मोठी मोजणी उपयोगाची नाही. रोज थोड्या जागा मोजा आणि फरक सापडला की त्याच दिवशी कारण शोधा. बहुतेकदा घाईत ‘तात्पुरतं’ ठेवलेलं पॅलेट निघतं.

आणि डॉकवर गाड्यांची रांग लागत असेल तर नवा डॉक बांधायच्या आधी आठवडाभर गाड्या येण्याच्या वेळा लिहून बघा. सगळ्या सकाळच्या दोन तासांतच येत असतील, तर वेळा वाटून द्या. थंड माल आणणाऱ्यांना पहिली वेळ द्या, कारण त्यांच्या थांबण्याची किंमत सर्वांत जास्त असते.