दोघांच्या आधी भिंत शोधा

गेल्या दोन-तीन वर्षांत कॉलेजातल्या मुलामुलींनी लिहिलेल्या पाच कादंबऱ्या मी हस्तलिखितात वाचल्या. त्यातल्या तीन कादंबऱ्यांत कुणी ना कुणी रात्री भिंती रंगवतं आणि प्रेमात पडतं. विषय माझ्या फार जवळचा आहे. माझे वडील पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागचे शब्द, निवडणूक आली की भिंतीवरची पक्षांची चिन्हं. त्यांचे ब्रश रॉकेलमध्ये धुण्याचं काम माझं. त्या तिन्ही हस्तलिखितांत प्रेम खरं होतं, पण भिंत खोटी होती. ‘त्याने भिंतीवर एक सुंदर चित्र काढलं’ एवढ्यात ती संपायची. अशी कादंबरी लिहायची असेल तर मी काय करायला सांगेन, ते इथे लिहिते.

आधी भिंत ठरवा. मुलाचं नाव, मुलीचं घर, भेट, भांडण, सगळं नंतर. मुंबईतच बघा. तुळशी पाइप रोडला रेल्वेच्या हद्दीची लांबलचक भिंत आहे. 2009 मध्ये ती सामान्य लोकांनी रीतसर परवानगीने रंगवली. वांद्र्याच्या चॅपल रोडवर गल्ली एवढी अरुंद की चित्र बघायला मागे सरलात तर पाठ समोरच्या घराला टेकते. वांद्र्यातच एमटीएनएलच्या इमारतीवर 2014 साली दादासाहेब फाळके उभे राहिले, ते बघायला मान वर करावी लागते. ससून डॉकला 2017 मध्ये मासळीच्या वासात चित्रं मांडली गेली. या चार जागांवर एकच गोष्ट घडूच शकत नाही. चॅपल रोडवर खिडकीतून कुणीतरी बघणारच, तुळशी पाइपला बघणारे सगळे गाडीत असतात आणि निघून जातात. तुमची दोघं कुणाच्या नजरेखाली प्रेमात पडणार, हे भिंत ठरवते.

मग त्या भिंतीपाशी तीनदा जा. सकाळी सहाला, भर दुपारी आणि रात्री अकराला. वही न्या. लोणा कुठे लागलाय, पोपडे कुठे सुटलेत, लोकांनी लघवी करू नये म्हणून देवांच्या टाइल्स कुठे बसवल्यात, जुन्या पोस्टरची खळ कुठे राहिलीय, चहावाला किती वाजता शटर ओढतो, सगळं लिहा. टाइल्सचं तर विशेष बघा. साईबाबा, येशू, मक्का, गणपती एका ओळीत असतात. तुमच्या मुलाला त्यांच्या वर रंगवायचं की खाली, हा प्रश्न एका प्रकरणाला पुरतो.

आता हात काळे करा. हार्डवेअरच्या दुकानात बाइकच्या टच-अपसाठी स्प्रेचे कॅन मिळतात. खिशात पैसे नसलेली मुलं त्यांनीच सुरुवात करतात, परदेशी बनावटीचे खास कॅन त्यांना परवडत नाहीत. एक कॅन घ्या, मास्क लावा, गच्चीवर जुना पत्रा उभा करा आणि मारा. जवळून मारलं की रेघ बारीक आणि धारदार येते, पण हात रेंगाळला तर ओघळ सुटतो. लांबून मारलं की कडा धूसर होतात. काम झाल्यावर कॅन उलटा धरून दाबला नाही तर नोजल तुंबतं. हे एकदा केलंत की ‘त्याने कॅन उचलला’ हे वाक्य तुमच्याकडून आपोआप बदलेल.

कॅनमध्ये रंग ढवळायला एक गोळी असते. हलवला की खडखड, आणि रात्री दोन वाजता ती खडखड सगळ्या गल्लीला ऐकू जाते. रंगवणारी मुलं कॅनच्या बुडाला लोहचुंबक लावतात, गोळी त्याला चिकटून गप्प बसते. मला कुणी विचारलं, या कादंबरीत पहिली भेटवस्तू कोणती द्यावी, तर मी म्हणेन जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक. गुलाब नको, चॉकलेट नको. तिने ते दप्तराच्या चेनला चिकटवून ठेवावं आणि आईने विचारावं, हे काय गं?

रंग बोटाला लागतो. नोजल दाबणाऱ्या तर्जनीच्या नखाच्या कडेला तो मतदानाच्या शाईसारखा बसतो. साबणाने जात नाही. खोबरेल तेल चोळा, रॉकेल लावा, नेलपॉलिश रिमूव्हर वापरा, तरी कडेला थोडा उरतोच. रात्री भिंतीवर मोरपिशी रंगात कुणाचं तरी नाव उमटलंय आणि दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये पेन मागणाऱ्या मुलाच्या बोटावर तोच मोरपिशी. ओळख पटण्याचा प्रसंग असाच लिहा. कुणाला कुणाचं गुपित सांगायला लावू नका.

टोपणनावाचं महत्त्व समजायला एक खरी गोष्ट सांगते. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात डॅरिल मॅक्रे नावाचा किशोरवयीन मुलगा होता. सुधारगृहात असताना तो स्वयंपाक्याच्या मागे मक्याच्या पावासाठी सारखी भुणभुण करायचा, म्हणून त्याचं नाव पडलं कॉर्नब्रेड. बाहेर आल्यावर सिंथिया नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला आणि त्याने तिच्या वस्तीत भिंतीभिंतींवर लिहिलं, ‘कॉर्नब्रेड लव्ह्ज सिंथिया’. आजच्या ग्राफिटीच्या, म्हणजे भिंतींवर नावं-चित्रं रंगवण्याच्या कलेच्या, सुरुवातीच्या नावांत त्याचं नाव घेतात. म्हणजे तुम्ही निवडलेला विषय या कलेच्या मुळाशीच आहे. आपल्याकडेही भिंतीचं आणि लग्नाचं नातं जुनंच. वारली घरात लग्न असलं की सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढतात, त्यात पालघाट देवी असते. तुमच्या नायिकेची आजी डहाणू-तलासरीकडची असेल तर ही आठवण घरातूनच येईल. नसेल, तर महापालिकेच्या शाळेच्या भिंतीवर असतात तशी नाचणारी वारली माणसं उगाच आणू नका.

नाव देवनागरीत लिहू द्या. मुंबईतली बरीच मुलं इंग्रजी अक्षरांतच नाव फुगवून रंगवतात, पण मराठी कादंबरीत देवनागरीची गंमत सोडू नये. स्टेन्सिल, म्हणजे अक्षराचा साचा, कापून बघा, जुन्या एक्स-रे फिल्मचा छान होतो. ‘व’ कापलात की आतला गोल तुकडा गळून पडतो, तो धरून ठेवायला बारीक पूल ठेवावा लागतो. शिरोरेघ सलग कापली तर अक्षरांमधली फिल्म फडफडते आणि रंग मागे जातो, म्हणून रेघ मध्ये मध्ये तोडावी लागते. वडील पाटी लिहिताना दोरी रंगात बुडवून दोन टोकांना ताणायचे आणि मध्ये चिमटीत धरून सोडायचे, टणकवायचे. एक सरळ रेघ पडायची, मग अक्षरं तिला टांगायची. अक्षर शिरोरेघेला टांगलेलं असतं, इंग्रजीसारखं रेघेवर बसत नाही, असं ते मला दहा वेळा सांगायचे. दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. दोघं दोन टोकांना, मध्ये ताणलेली दोरी, आणि टणकवण्याआधी एकमेकांकडे एकदा बघणं. या वयाच्या प्रेमाला स्पर्श फार लागत नाही. पात्रं अठराच्या आतली आहेत, हेही विसरू नका. या वयाची सगळी धडधड हातापर्यंतच पोहोचते आणि तिथेच ती सर्वांत खरी असते.

दुसरा असाच प्रसंग मागे सरून बघण्याचा. मोठ्या भिंतीला चिकटून उभं राहिलं की नाक वाकडं झालंय हे कळत नाही. एकाने रंगवायचं आणि दुसऱ्याने रस्त्यापलीकडच्या फुटपाथवरून सांगायचं, डावीकडे, थोडं वर, बास. मधून टेम्पो जातात, शब्द ऐकू येत नाहीत, हातवारे चुकतात. अबोला धरलेल्या दोघांना याच कामाला लावा.

सगळ्यांत मोठी अडचण मुलीच्या रात्रीची. सतरा वर्षांची मुलगी रात्री एकला तुळशी पाइप रोडवर कशी येते? तिन्ही हस्तलिखितांत ती खिडकीतून उतरत होती. चौथ्या मजल्यावरून, ग्रिल असलेल्या खिडकीतून! खरा मार्ग आपल्या पंचांगात आहे. गणपतीत मुंबई रात्रभर जागी असते, लालबागच्या रांगेत तासन्‌तास जातात, आणि ‘मैत्रिणींबरोबर गणपती बघायला जातेय’ एवढं आईला पुरतं. वर्षातून तेवढ्याच रात्री ती मोकळी असते. आणि नेमका तेव्हा पाऊस असतो, भिंत ओली असते, ओल्या प्लास्टरवर रंग धरत नाही. तिला सुटका आहे तेव्हा भिंतीला नाही. माझ्या मते अख्खं कथानक या पेचातून निघतं. ती दोघं कोरडी जागा शोधत उड्डाणपुलाखाली जातील, मेट्रोच्या कामाच्या नागमोडी पत्र्यांवर हात चालवून बघतील, अक्षरं त्या खाचांत मोडतील, चिडतील, हसतील.

बोलण्याबद्दल थोडंच. ‘प्रिये’ नको आणि पानभर इंग्रजीही नको. दादरच्या क्लासबाहेर अर्धा तास उभं राहून ऐका. ‘अरे ऐक ना’, ‘काय सीन आहे तुझा’, ‘मी नाही बोलत जा’. मुलं मराठीत सुरू करतात, हिंदीत भांडतात, आणि आईचा फोन आला की एकदम शुद्ध होतात.

पोलिसांचा प्रसंग घालणार असाल तर जपून. परवानगीशिवाय भिंत रंगवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्धचा कायदा 1995 चा. पण हवालदार पहिला प्रश्न विचारतो तो ‘राहतोस कुठे?’ हा. टॉवरमधल्या मुलाला आणि झोपडपट्टीतल्या मुलाला त्या उत्तरानंतर वेगवेगळी वागणूक मिळते. एकाच कॅनने रंगवणाऱ्या दोघांत ही दरी तिथे पहिल्यांदा उघडी पडते. ती बुजवायची घाई करू नका. त्या रात्रीनंतर दोन-तीन प्रकरणं दोघांना भेटूच देऊ नका. भिंतीवर मात्र एकाने काहीतरी लिहावं आणि दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावं.

शेवट कबुलीने करू नका, भिंत पुसली जाण्याने करा. अशा भिंती पुसल्या जातातच. डिसेंबर 2022 मध्ये जी-20 च्या बैठकीसाठी मुंबईत रस्ते, पूल, भिंती घाईने रंगवून काढल्या होत्या. तसं काहीतरी येऊ द्या. रोलर घेऊन आलेल्या कंत्राटी माणसालाही चेहरा द्या, त्याला दिवसाची मजुरी आहे, त्याचं कुणाशी वैर नाही. वाटलं तर मुलीने त्याला पाण्याची बाटली द्यावी आणि तो मारत असलेला चुना बघत उभं राहावं.

आणि चुना असेल तर पुढचं मला वडिलांकडून माहीत आहे. स्प्रेचा रंग गुळगुळीत असतो, त्यावर चुना नीट धरत नाही. कंत्राटदार एकच हात मारतो. जूनच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत चुना ओघळून खाली येतो आणि आतलं मोरपिशी आधी शिरोरेघेशी, मग एकेका अक्षरात दिसू लागतं. शेवटचं प्रकरण जूनमध्ये ठेवा. बारावीचा निकाल लागलेला आहे, तिला पुण्यात प्रवेश मिळालाय, ती दादरहून गाडीत बसलीय, पाऊस पडतोय, आणि भिंतीजवळ तो एकटाच छत्री घेऊन उभा आहे.