सर्टिफिकेट आलं, काम नाही आलं: ऑनलाइन कौशल्य-कोर्स करताना या चुका टाळा

वडोदऱ्यातल्या प्रतापनगर, वाडी, नवापुरा इथल्या आपल्या मराठी घरांतून कामाला जाणारी मुलं-मुली हल्ली रात्री जेवणं आटोपली की फोनवर कोर्स लावून बसतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मकरपुरा, पोर, वाघोडिया किंवा सावलीच्या कारखान्यात दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला पूर्वी शिकायचं तर क्लासची फी, रिक्षाभाडं आणि गेलेली झोप असं सगळंच मोजावं लागायचं. आता सरकारच्या 'स्वयम' किंवा स्किल इंडिया डिजिटल हब या पोर्टलवर घरबसल्या आणि बऱ्याचदा फुकट शिकता येतं. मी अशा मुलांना कोर्स निवडायला, फॉर्म भरायला मदत करतो. त्यात त्याच त्या चुका वारंवार दिसतात. आणि त्यातल्या बहुतेक, थोडं आधी कळलं असतं तर टळल्या असत्या.

आधी कोर्स, मग कामाचा शोध

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ॲप उघडलं, 'डेटा सायन्स' किंवा 'सीएनसी प्रोग्रॅमिंग' (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला सूचना देणं) दिसलं, लावला कोर्स. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये असाच कोर्स केलेला एक मुलगा ऑपरेटरच्या जागेसाठी गेला. जी-झिरोझिरो म्हणजे टूल जलद सरकतं, जी-झिरोवन म्हणजे कापत सरळ जातं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. मालकाने त्यातलं काहीच विचारलं नाही. टेबलावर एक बुश (नळीसारखा पोकळ भाग) ठेवला, शेजारी व्हर्निअर कॅलिपर, आणि बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, मापायला सांगितला. मुलाने मुख्य पट्टीवरचे मिलिमीटर बरोबर वाचले. पण सरकत्या पट्टीवरची नेमकी कुठली रेघ जुळते ते पाहून ०.०२ ने गुणायचं आणि ते त्यात मिळवायचं, हे त्याने कधी हाताने केलेलंच नव्हतं. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला होता. दोन मिनिटांत मुलाखत संपली.

मुलगा हुशार आहे, कोर्सही वाईट नव्हता. फक्त क्रम उलटा झाला. ज्या जागेवर डोळा आहे तिथे आत्ता काम करणाऱ्या दोन-तीन जणांना चहाच्या टपरीवर गाठा आणि विचारा: पहिल्या दिवशी हातात काय देतात? मुलाखतीत काय करून दाखवायला सांगतात? पोरं का परत पाठवतात? उत्तरं वहीत लिहा आणि मग त्या यादीवरून कोर्स शोधा. यादीतलं निम्मं ऑनलाइन शिकता येईल, निम्मं येणार नाही, आणि कुठलं कशात मोडतं हे आधीच कळलेलं बरं.

हिशेबाच्या कामाचंही हेच. रावपुऱ्यात किंवा मंगळबाजारात अकाउंटंट हवा असतो तेव्हा टॅलीत एंट्री करता येते का, हा प्रश्न आता कोणी फारसा विचारत नाही, ते येतंच असं धरून चालतात. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-टूबी (सप्लायरांनी जीएसटी पोर्टलवर चढवलेल्या बिलांची यादी) तयार होतं, ते आपल्या पर्चेस रजिस्टरशी जुळवायचं, कुठल्या सप्लायरने बिल चढवलं नाही ते शोधून त्याला फोन करायचा आणि २० तारखेच्या आत थ्रीबी हे जीएसटीचं रिटर्न भरायचं, हे करणारी व्यक्ती हवी असते. कोर्सच्या अनुक्रमणिकेत हे जुळवणं नसेल तर तो कोर्स कितीही चकचकीत असला तरी अर्धाच आहे.

हाताचं काम डोळ्यांनी शिकण्याचा प्रयत्न

वडोदऱ्याला हे वेगळं सांगायची गरज पडू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवलं ते कारागीर आणि तंत्रज्ञ घडवण्यासाठी. तिथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम प्रत्यक्ष करून शिकवलं जायचं. दादासाहेब फाळकेसुद्धा तिथलेच विद्यार्थी. आज त्याच जागी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे.

ऑनलाइन काय चांगलं शिकता येतं? ड्रॉइंग वाचणं, प्रोग्रॅमची रचना, सुरक्षेचे नियम, फार्मा पॅकिंगमधली जीएमपीची (औषध उत्पादनाच्या नियमांची) शिस्त, एक्सेल, टॅली, ऑफिसचा पत्रव्यवहार. वेल्डिंगचा आर्क, मायक्रोमीटरची पकड, मशीनवर जॉब सेट करणं, यांना मात्र हात लावावाच लागतो. म्हणून कोर्ससोबत हाताच्या सरावाची सोयही त्याच महिन्यात लावून घ्या. गोरवा आणि तरसाली इथल्या आयटीआयमध्ये लघुमुदतीच्या वर्गांची चौकशी करा. नाहीतर ओळखीच्या शॉपमध्ये रविवारी दोन तास उभं राहू द्या म्हणून विनंती करा. सरळ विचारलं तर बरेच मालक हो म्हणतात. व्हर्निअर फार महाग नसतो. घरात स्वतःचा ठेवा आणि नट, पाइप, वाटीची कड, जे सापडेल ते मापा.

न समजणाऱ्या भाषेत रेटत राहणं

कलाभवनात विषय गुजरातीत शिकवायचा आग्रह होता, त्यासाठी परिभाषा आणि पुस्तकं तयार करायला राज्याने पैसा दिला. एकोणिसाव्या शतकात जे पटलं होतं ते आपल्याला आज पटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. दहावीपर्यंत मराठी किंवा गुजरातीत शिकलेली मुलगी 'इंग्रजीतला कोर्स भारी दिसतो' म्हणून तोच घेते, सबटायटल्स वाचता वाचता पडद्यावर काय चाललंय ते सुटतं आणि तिसऱ्या धड्यावर 'मला हे जमणारं नाही' असा निष्कर्ष काढून मोकळी होते. कमी पडलेली असते ती भाषा, आणि दोष घेते ती स्वतःकडे.

आयआयटी मुंबईचं 'स्पोकन ट्युटोरियल' पाहा. छोटे व्हिडिओ, मराठी-गुजरातीसह अनेक भारतीय भाषांत, फुकट. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर, असं पाहायचं, थांबवायचं, करायचं, अशीच त्याची आखणी आहे. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमातल्याही बऱ्याच व्याख्यानांची भारतीय भाषांत भाषांतरं झाली आहेत. समजावणं आपल्या भाषेत ऐका. स्पिंडल, ऑफसेट, लेजर (खातेवही) हे शब्द मात्र जसेच्या तसे पाठ ठेवा, कारण शॉपमध्ये तेच चालतात.

फक्त फोनवर एक्सेल

हे थोडक्यात. फोनवर व्हिडिओ पाहता येतो, शीटवर काम करायचा सराव होत नाही. आठवड्यातून दोनदा तरी कॉम्प्युटरसमोर बसायची सोय लावा, मग ते सायबर कॅफे असो, मावशीचं ऑफिस सुटल्यावर असो, नाहीतर भावाचा जुना लॅपटॉप. ती सोय होत नसेल तर एक्सेलचा कोर्स पुढे ढकला.

शिफ्ट न पाहता तारखा स्वीकारणं

हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसची २०१२ ते २०१८ ची आकडेवारी २०१९ साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्स एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे सुमारे ३ टक्के. सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांत मात्र हेच प्रमाण ४६ टक्के होतं. शिवाय शिकणाऱ्यांची संख्या वाढली ती मुख्यतः श्रीमंत देशांत. ज्यांच्यासाठी हे सगळं आहे असं सांगितलं जात होतं, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. म्हणून अर्धवट राहिलं तर स्वतःला आळशी समजू नका, आखणी बदला.

एनपीटीईएलच्या कोर्सला दर आठवड्याची असाइनमेंट असते आणि तिची तारीख टळली की टळली. ज्याची शिफ्ट आठवड्याला बदलते त्याने नाइट शिफ्टचे आठवडे कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवावेत आणि असाइनमेंट उघडते त्याच दिवशी सोडवावी. सगळ्या असाइनमेंट धरल्या जात नाहीत, चांगल्या गुणांच्याच मोजतात, त्यामुळे एखादी चुकली तर कोर्स सोडू नका. एक गोष्ट मात्र बजावून सांगतो: कोर्सला नाव नोंदवणं फुकट आहे, पण परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्याची फी असते. व्हिडिओ पूर्ण पाहिलेली, असाइनमेंट दिलेली मुलं केवळ हा फॉर्म न भरल्यामुळे सर्टिफिकेटला मुकतात. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. पास व्हायला असाइनमेंटच्या २५ पैकी १० आणि परीक्षेच्या ७५ पैकी ३० गुण लागतात, आणि ते जमण्यासारखं आहे.

नाव आणि नंबरातली गडबड

आधारवर 'संतोषराव', शाळेच्या दाखल्यावर 'संतोष', कोर्सवर फक्त 'सॅन्टी'. मग कंपनीचा एचआर सर्टिफिकेट बाजूला ठेवतो. रजिस्टर करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच घाला. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, ते आधी पाहा. बंद पडलेल्या सिमवर ओटीपी येत नाही आणि स्किल इंडियाच्या पोर्टलवर केवायसी तिथेच अडते. नंबर बदलायला आधार सेवा केंद्रात जावं लागू शकतं. नोकरी सांभाळून त्यात दिवस मोडतो, म्हणून हे काम कोर्सच्या आधी करा.

आधी पैसे, मग नोकरीची हमी

'कोर्स करा, शंभर टक्के प्लेसमेंट, आजच रजिस्ट्रेशन फी भरा' असा मेसेज आला की थांबा. नोकरी देणारा उमेदवाराकडून फी घेत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

यात आणखी एक साधा प्रकार आहे, त्यात फसवणूक नसते पण खिसा रिकामा होतो. 'सात दिवस मोफत' म्हणून कार्ड किंवा यूपीआय जोडायचं, आठव्या दिवसापासून दरमहा पैसे कापले जाणार. आपोआप पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो एसएमएस वाचतो कोण? यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडा, नको ते मँडेट (पैसे कापायची परवानगी) रद्द करा. कोर्सेरासारख्या ठिकाणी आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो. उत्तराला साधारण पंधरवडा लागतो, तेवढा धरून चाला.

वीस वर्षांचा अनुभव असलेल्या कामगाराला पहिलीत बसवणं

हे शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणाऱ्यांना उद्देशून आहे, म्हणजे मंडळं, संस्था, कारखान्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे) विभाग. पंधरा-वीस वर्षं ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग केलेल्या माणसाला 'बेसिक इलेक्ट्रिकल'चे व्हिडिओ दाखवून त्याचा अपमान करू नका. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत, जी २०१५ साली सुरू झाली, आधीच्या अनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. त्याला आरपीएल म्हणतात. आधी त्याची ती चाचणी लावा, मग कमी पडतं तेवढंच शिकवा. आणि टॅब वाटण्यावर खर्च करणार असाल, तर त्यातले थोडे पैसे वाचवून संध्याकाळी साडेआठ ते दहा हॉलमध्ये बसणारा एक माणूस नेमा. लॉगिन अडकलं, असाइनमेंट अपलोड झाली नाही, नाइट शिफ्टमुळे तारीख चुकली, की त्याच्याशी मराठीत, गुजरातीत, हिंदीत बोलता यावं. त्याच्याकडे प्रत्येकाच्या शिफ्टचा तक्ता असावा आणि दोन आठवडे न दिसलेल्याला त्याने स्वतःहून फोन करावा.