डीएनए प्रोब कसा बनवायचा, आणि टीबीचा रिपोर्ट कसा वाचायचा

बेळगावात बायोटेक नाहीतर मायक्रोला येणारी खानापूर-निपाणीकडची पोरं दहावीपर्यंत मराठी मीडियमला, बाजारात कन्नड, आणि कॉलेजात पुस्तक एकदम इंग्लिश, मग प्रोबचा धडा आला की पाठ करून मोकळी होतात. त्यांच्यासाठी लिहितोय, आणि घरात कुणाचा टीबीचा रिपोर्ट आला असेल तर शेवटचा भाग तेवढा वाचाच.

प्रोब म्हणजे डीएनएचा एकपदरी छोटा तुकडा, त्याला चमकणारा रंग नाहीतर बायोटिनसारखं लेबल लावलेलं. डीएनएच्या चार अक्षरांत ए समोर टी, जी समोर सी, सगळं एवढ्यावरच चालतंय. सॅम्पलमधला डीएनए ९५ डिग्रीच्या आसपास तापवला की दोन्ही पदर सुटतात, गार होताना प्रोब आपल्या जोडीला जाऊन चिकटतो, न चिकटलेला धुवून टाकायचा आणि लेबल कुठं दिसतंय ते बघायचं. १९७५ ला एडविन सदर्न यांनी जेलवरचा डीएनए मेंब्रेनवर उतरवून असं शोधायची पद्धत दिली, सदर्न ब्लॉट हे नाव त्यांच्या आडनावावरनं पडलंय, दिशेचा काही संबंध नाही.

आता वही घ्या. पदराच्या एका टोकाला ५ प्राइम आणि दुसऱ्याला ३ प्राइम म्हणतात. टार्गेट, म्हणजे जो तुकडा शोधायचाय तो, ५ प्राइमकडनं ए टी जी सी सी ए असा आहे समजा. बहुतेक पोरं खाली टी ए सी जी जी टी लिहितात, ते चूक नाही, पण ते ३ प्राइमकडनं लिहिलेलं असतंय. ऑर्डर ५ प्राइमकडनं द्यायची असते म्हणून उलटं करा, टी जी जी सी ए टी. इथं चुकलं तर प्रोब चिकटणारच नाही आणि पैसे गेले. खरा प्रोब अर्थातच एवढा छोटा नसतो, २० अक्षरांचा धरूया. प्रत्येक ए-टीला २, जी-सीला ४ डिग्री, म्हणजे दहा-दहा असतील तर २० अधिक ४०, साधारण ६० डिग्रीला निम्मे प्रोब सुटतील. हा हिशोब छोट्या प्रोबलाच लावायचा, लांब प्रोबला नको. मग क्रम एनसीबीआयच्या वेबसाइटवरच्या ब्लास्ट या शोधायच्या टूलमध्ये टाकून दुसरीकडं कुठं जुळतोय का बघा, फुकट आहे. तो स्वतःवरच दुमडत नाही ना तेपण बघा.

धुण्यात मात्र घाई करू नका बघा, सगळा खेळ तिथंच आहे. पाणी जास्त गरम आणि मीठ कमी म्हणजे धुणं कडक, फक्त बरोब्बर जुळलेलं टिकतं. सिकलसेल या रक्ताच्या आजारात बीटा ग्लोबिन जीनमधल्या एका ए च्या जागी टी येतो, तेवढा एका अक्षराचा फरकसुद्धा कडक धुण्यानं पकडता येतो.

टीबीच्या ‘लाइन प्रोब असे’ नावाच्या टेस्टमध्ये उलटं असतंय, प्रोब पट्टीवर आधीच बसवलेले आणि लेबल पेशंटच्या सॅम्पलमधनं पीसीआरनं (डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) वाढवलेल्या डीएनएला. पट्टी वाचताना आधी कंट्रोलच्या रेघा उमटल्यात का बघा, त्या नसतील तर पुढचं वाचूच नका. मग जंतूचा आरपीओबी जीन, रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद न देणारे बदल बहुतेक याच्यातच असतात. म्युटेशनची (बदललेल्या अक्षराची) रेघ आली तर रिफॅम्पिसिनला दाद न देणारा टीबी धरायचा, आणि ती आली नाही पण नॉर्मलची एखादी रेघ गायब आहे तरी तसंच धरायचं, हे पोरं हमखास विसरतात.

आता रिपोर्ट. आमच्या नात्यातल्या एका मावशींच्या सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी मशीनवरची टेस्ट) रिपोर्टवर वर ‘एमटीबी डिटेक्टेड’ आणि खाली ‘रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ होतं, घरच्यांनी खालचं वाचलं आणि टीबी नाही म्हणून देवाला पेढे ठेवले. गोळ्या सुरू व्हायला त्यामुळं उशीर झाला, अजून वाईट वाटतं. वरच्या ओळीचा अर्थ टीबी आहे, खालच्या ओळीचा अर्थ रिफॅम्पिसिन चालेल. त्या मशीनमधले पाच प्रोब आरपीओबीची ८१ अक्षरंच तपासतात, बाकीच्या औषधांबद्दल ते काही सांगत नाहीत.

आणि उपचार चालू असताना बरं झालंय का बघायला हीच टेस्ट परत करा म्हणून हट्ट धरू नका, मेलेल्या जंतूचा डीएनएपण प्रोबला सापडतो. त्यासाठी थुंकीचा स्मिअर (मायक्रोस्कोपखाली बघणं) नाहीतर कल्चर (जंतू वाढवून बघणं) डॉक्टर सांगतील तेव्हा करायचं, गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत.