स्नॅपशॉटने व्यापलेली जागा कशी मोजावी

लातूरच्या आडत बाजारातील एका पेढीच्या सर्व्हरवर, सोयाबीनच्या हंगामातील पावत्यांच्या स्कॅनची ४० जीबीची जुनी फाइल पुसूनही डिस्कवर जागा मोकळी झाली नाही. झेडएफएस या फाइल-व्यवस्थेतील स्नॅपशॉटची, म्हणजे एखाद्या क्षणीची डेटाची स्थिती जपणाऱ्या आणि म्हणून नंतर पुसलेल्या फाइलीही धरून ठेवणाऱ्या नोंदींची, यादी पाहिली, तर प्रत्येकासमोर वापर जेमतेम काही केबी दिसत होता, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते.

यादीतील ‘यूज्ड’ हा रकाना केवळ त्या एकाच स्नॅपशॉटकडे असलेली जागा दाखवतो. तीच फाइल तीन स्नॅपशॉटमध्ये धरून ठेवलेली असेल, तर तिचे ४० जीबी तिघांपैकी एकाच्याही खात्यावर चढत नाहीत, आणि दोन स्नॅपशॉट काढून टाकल्यावर तिसऱ्यासमोरचा आकडा एकाएकी फुगतो. म्हणून हे आकडे बेरीज करण्यासाठी वापरू नयेत. खरी एकूण जागा हवी असेल, तर ‘झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस’ ही आज्ञा देऊन ‘यूज्डस्नॅप’ हा रकाना पाहावा.

कोणते स्नॅपशॉट काढल्यास किती जागा सुटेल, हे आधीच कळणे मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यासाठी ‘झेडएफएस डिस्ट्रॉय -एनव्ही’ या आज्ञेत डेटासेटचे (झेडएफएसमधील फाइलींच्या स्वतंत्र विभागाचे) नाव आणि ॲट चिन्ह लिहून, पुढे पहिल्या व शेवटच्या स्नॅपशॉटची नावे टक्क्याच्या चिन्हाने जोडावीत. काहीही न पुसता सुटणारी जागा दिसते. मात्र एंटर दाबण्यापूर्वी त्यातील ‘एन’ हे अक्षर डोळ्यांनी पाहून घ्यावे, कारण ते राहिले तर स्नॅपशॉट खरोखरच जातात.