"इसमें प्रश्न कौन-सा है?": आमदाराकडे विषय घेऊन जाण्याआधी

माझ्या धाकट्या बहिणीचा नातू थॅलेसेमियाचा. दर 20-21 दिवसांनी त्याला रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून अंगात साठत जाणारं लोह बाहेर काढायला रोज डेफेरासिरॉक्सची गोळी. गोळी चुकत राहिली तर ते लोह यकृतात आणि हृदयात जाऊन बसतं. सरकारी दवाखान्यात ही गोळी मोफत मिळायची. एका वर्षी पावसाळ्यानंतर ती मिळेनाशी झाली. खिडकीवरचा मुलगा दर वेळी एकच सांगायचा, "आंटी, अगले हफ्ते."

मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते. 31 वर्षं टपाल खात्यात काढली, त्यामुळे अर्ज लिहिणं मला नवं नव्हतं. चार पानी अर्ज लिहिला, पोराचा फोटो जोडला आणि आमदारांच्या कार्यालयात गेले. तिथल्या पीएनं तो उभ्या उभ्या चाळला आणि विचारलं, "मैडम, इसमें प्रश्न कौन-सा है?" मला संताप आला. घरी येऊन अर्ज पुन्हा वाचला तेव्हा पटलं की तो बरोबर बोलत होता. चार पानांत आमची सगळी हकिगत होती, पण मंत्र्याला ज्याचं उत्तर द्यावंच लागेल असं एकही वाक्य नव्हतं.

पुढच्या तीन वर्षांत हे काम कसं करायचं ते शिकत गेले. ज्यांच्या घरी असा आजार आहे, ज्यांच्या वस्तीत पाण्याला वास येतो, ज्यांचं माणूस गटारात उतरून गेलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी सभागृह ठरवा

आमच्या पिढीच्या इंदुरी मराठी घरांत काहीही अडलं की "ताईंना सांगू" म्हणायची सवय होती. सुमित्रा महाजन 1989 पासून 2019 पर्यंत इथून खासदार होत्या, शेवटची 5 वर्षं लोकसभेच्या अध्यक्ष. पण तुंबलेल्या ड्रेनेजचा जाब लोकसभेत विचारता येत नाही. ते निगमचं काम, त्यासाठी पार्षद, म्हणजे नगरसेवक. दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्याचा विषय आहे, म्हणून भोपाळची विधानसभा, म्हणजे आमदार. औषध चाचण्यांचे नियम, दिव्यांगांचा कायदा, रेल्वे हे संसदेचं, म्हणजे खासदार.

आमच्याच घरचं उदाहरण घ्या. थॅलेसेमिया 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातल्या 21 प्रकारांत धरलेला आहे. दिव्यांग प्रमाणपत्राचे निकष बदला, ही मागणी खासदाराकडे न्यायची. खिडकीवर गोळी का नाही, हे आमदाराकडे. पोर एकच, दारं दोन.

आणखी एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. तुमचा आमदार मंत्री असेल तर तो सभागृहात प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. अशा वेळी दुसऱ्या मतदारसंघाच्या आमदाराकडे जा. इंदूर जिल्ह्यात 9 आमदार आहेत, राज्यात 230, आणि कुठल्याही गावाबद्दल कुठलाही सदस्य विचारू शकतो. तो विरोधी पक्षाचा आहे म्हणून संकोच करू नका. आजारी पोराला पक्ष नसतो.

आयुध कोणतं मागायचं

सभागृहातले लोक याला "संसदीय आयुधं" म्हणतात. "आमचा विषय मांडा" एवढंच सांगितलं तर साहेब मान हलवतील आणि विसरतील. आयुधाचं नाव घेऊन मागा.

सुरुवात अतारांकित प्रश्नानं करा. उत्तर लेखी मिळतं, छापलं जातं आणि नाकारता येत नाही. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतो, पण त्याला नशीब लागतं. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात, यावरून अंदाज घ्या. शिवाय प्रश्नकाल गोंधळात वाहून गेला की तारांकित प्रश्नाची मजाच जाते, आणि तो वाहून जातोच. अतारांकिताचं उत्तर मात्र तरीही पटलावर येतं.

आजच माणसं आजारी पडत असतील तर ध्यानाकर्षण, म्हणजे लक्षवेधी सूचना. आपल्या विधानसभेत ते नियम 138(1) खाली येतं, आणि मंत्र्याला त्यावर निवेदन करावं लागतं. लहान पण तातडीची बाब असेल तर शून्यकालाची, म्हणजे प्रश्नकालानंतरच्या वेळेतली, सूचना. लोकसभेत लोकांचा विषय मांडायला नियम 377 आहे, तिथे मजकूर 250 शब्दांच्या आत बसवावा लागतो. खासदाराला पाच पानं दिलीत तर ती 250 शब्दांवर आणणारा त्यांच्या कार्यालयातला कुणी मुलगा असतो, आणि तो नेमकी तुमची तारीख गाळतो. म्हणून शब्द मोजून स्वतःच द्या.

धोरणच बदलून हवं असेल तर अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेला, संकल्प किंवा विधेयक. ही वाट लांबची आहे, पण वाया जाणारी नाही. द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासगी विधेयक राज्यसभेनं 24 एप्रिल 2015 ला मंजूर केलं. ते पुढे लोकसभेत पार पडलं नाही, पण त्या दिवसानंतर सरकारला तो विषय टाळता आला नाही आणि 2019 मध्ये सरकारी कायदा आला. त्या कायद्यावर समाजाचे आक्षेप आहेत, ते योग्यही आहेत. तरी दार त्या खासगी विधेयकानं उघडलं.

स्थगन प्रस्तावाच्या, म्हणजे बाकी कामकाज थांबवून चर्चा मागण्याच्या, नादी लागू नका. तो क्वचितच स्वीकारला जातो.

प्रश्न लिहिणं

सगळं काम इथे आहे.

आमचा पहिला प्रश्न मीच लिहिला होता. "क्या यह सही है कि इंदौर के शासकीय चिकित्सालय में थैलेसीमिया की दवा उपलब्ध नहीं है? यदि हाँ, तो क्यों?" उत्तर आलं: (क) जी नहीं। (ख) प्रश्न उपस्थित नहीं होता। तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. उत्तर खोटं नव्हतं. उत्तर तयार झालं त्या आठवड्यात गोळ्यांची एक खेप आली होती. मी "आहे की नाही" विचारलं, त्यांनी त्या दिवशीचं सांगितलं.

दुसऱ्या खेपेला प्रश्न असा लिहिला. (क) अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत डेफेरासिरॉक्सच्या गोळ्यांची मागणी किती, पुरवठा किती, वाटप किती, महिनावार द्यावं. (ख) त्याच काळात किती थॅलेसेमियाग्रस्त नोंदणीकृत होते. (ग) ज्या महिन्यांत साठा शून्य होता त्या महिन्यांत स्थानिक खरेदी केली का, केली असल्यास आदेशाची प्रत द्यावी. या वेळी उत्तरासोबत परिशिष्ट आलं, एक तक्ता. त्यात सलग 4 महिन्यांसमोर वाटपाच्या रकान्यात शून्य. खिडकीवर आम्हाला जे तोंडी ऐकवलं जात होतं ते आता विधानसभेच्या कागदावर होतं.

तेव्हा "आहे का, होतं का" असं विचारूच नका. "किती, कधी, कोणत्या आदेशानं" असं विचारा. "जी हाँ" किंवा "जी नहीं" म्हणून सुटता येईल असं वाक्य खोडा. कालावधी तारखांनी बांधा. एका प्रश्नात एकच खातं ठेवा, नाहीतर एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. विशेषणं काढा. "अमानुष", "निर्दयी" हे शब्द प्रश्नात टिकत नाहीत, सचिवालयच ते कापतं, आणि कधी त्या नादात अख्खा प्रश्न अग्राह्य ठरतो. मन जाळणारं सगळं सोबतच्या पत्रात लिहा. आमदारांनी ते वाचलं पाहिजे.

शब्द कोणता वापरता यावर सगळं फिरतं. 2021 साली संसदेत सरकारनं सांगितलं की हाताने मैला वाहण्यामुळे एकही मृत्यू नोंदलेला नाही. गटार आणि सेप्टिक टँक साफ करताना झालेले मृत्यू मात्र सरकार वेगळे मोजतं, आणि तसं विचारलं की आकडा मिळतो. मेलेला माणूस तोच, दोर तोच, मॅनहोल तेच. सरकारी कागदात ज्या नावानं ती गोष्ट नोंदली जाते ते नाव आधी शोधा. त्यासाठी जुनी उत्तरं वाचा. विधानसभेच्या आणि लोकसभेच्या संकेतस्थळांवर ती आहेत. तुमच्या विषयावर आधीच एखादं उत्तर आलेलं असेल तर तिथूनच पुढचा प्रश्न सुरू करा.

सोबत काय द्यायचं

एक पान प्रश्नाचं, हिंदीत, टाइप केलेलं. दुसरं पान आमदारांसाठी, त्यात पाच-सहा ओळींत विषय काय आणि उपप्रश्न कोणता विचारावा. मग पुरावे: खिडकीवरून परत पाठवल्याच्या नोंदी, बाहेरून घेतलेल्या गोळ्यांची बिलं, माहितीच्या अधिकारात आलेली उत्तरं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून अधिवेशनाच्या दोन महिने आधीच टाकून ठेवा.

पोराचं नाव, फोटो, दवाखान्याचा कार्ड नंबर प्रश्नाला जोडू नका. मी पहिल्यांदा फोटो जोडला होता, त्याचं आजही वाईट वाटतं. सभागृहाचा कागद कायमचा राहतो आणि पोर मोठं होतं. उद्या त्याच्या लग्नाची, नोकरीची गोष्ट निघेल. एचआयव्ही, मानसिक आजार, अत्याचार अशा विषयांत तर एकाही माणसाची ओळख पटेल असं काही देऊ नका, त्याची संमती असली तरी दोनदा विचार करा. आकडा द्या, महिना द्या, वॉर्ड द्या.

प्रकरण कोर्टात चालू असेल तर आमदारांना आधीच सांगा. न्यायप्रविष्ट बाब म्हणून प्रश्न फेटाळला जातो. अशा वेळी त्या एका खटल्याला हात न लावता व्यवस्थेबद्दल विचारता येतं.

वेळ आणि पीए

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते. विधानसभेत अधिवेशनाची अधिसूचना निघते तेव्हा कोणत्या खात्याचा दिवस कोणता आणि प्रश्न कधीपर्यंत घेणार ते जाहीर होतं. आपल्याकडची अधिवेशनं छोटी असतात, कधी ठरल्याआधीच आटोपतात. म्हणून आरोग्य खात्याचा दिवस पहिल्या आठवड्यात असेल तर तोच धरा.

कागद साहेबांच्या हातात देऊन फोटो काढण्यापेक्षा पीएकडे द्या आणि पोच घ्या. सोबत स्पीड पोस्टानंही पाठवा. जुनी रजिस्ट्री 2025 पासून स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे, पण पावती मिळते, पोचल्याचं कळतं. प्रश्न दाखल झाला की त्याचा क्रमांक मागून घ्या. क्रमांक मिळेपर्यंत काहीच झालेलं नाही असं समजा. माझ्याशी पहिल्या दिवशी तसं बोललेला तो पीए पुढे मला स्वतः फोन करून तारीख सांगायला लागला, कारण माझ्या कागदावर त्याला काही दुरुस्त करावं लागत नव्हतं.

उत्तर आल्यावर

बरेच लोक इथे थांबतात, आणि खरं काम इथून पुढे असतं. सर्वांत जास्त मिळणारं उत्तर म्हणजे "जानकारी एकत्रित की जा रही है." ते मिळालं की खचू नका आणि विसरूही नका. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती असते. आमदारांकडून तिला पत्र द्यायला लावा, आणि पुढच्या अधिवेशनात जुना क्रमांक देऊन विचारा की ती माहिती मिळाली का.

आकडा मिळाला तर त्याच्या दहा प्रती काढा. मी त्या तक्त्यावर 4 शून्यांभोवती लाल शाईनं गोल केला आणि मंगळवारच्या जनसुनवाईत कलेक्टर कचेरीत ठेवला. तोंडी तक्रारीला "दिखवाते हैं" म्हणणारे अधिकारी त्या कागदापाशी थांबले. स्थानिक खरेदीचा आदेश तीन आठवड्यांत निघाला. एक प्रत वर्तमानपत्राला, एक थॅलेसेमियाच्या इतर पालकांना दिली. उज्जैनच्या एका आईनं तोच मसुदा उचलून फक्त गावाचं नाव बदललं.

इंदूरला तर याचा मोठा दाखला आहे. रुग्णांना नीट न सांगता त्यांच्यावर औषध चाचण्या केल्याच्या आरोपाचं इथलं प्रकरण 2010 च्या सुमारास उजेडात आलं. रतलामचे तेव्हाचे अपक्ष आमदार पारस सकलेचा यांनी विधानसभेत ते लावून धरलं होतं. पुढे विषय सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2013 पासून देशाचे नियम बदलत गेले, चाचणीत इजा झाली तर भरपाई आणि संमती घेतानाचं चित्रीकरण त्यात आलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका अपक्षानं इंदूरच्या रुग्णांसाठी विचारलं होतं, हे मी दर वेळी नव्या पालकांना सांगते.

पुढच्या अधिवेशनासाठी माझा कागद तयार आहे. (क) इंदूर संभागातल्या कोणत्या शासकीय रक्तपेढ्यांत रक्ताची नॅट तपासणी (एचआयव्ही, कावीळ यांचे विषाणू लवकर पकडणारी) होते, कधीपासून. (ख) जिथे होत नाही तिथून मागच्या 3 वर्षांत थॅलेसेमियाच्या मुलांना किती युनिट रक्त दिलं, वर्षवार. (ग) ती सुरू करण्याचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकानं शासनाकडे गेला. नातू आता 11 वर्षांचा आहे. टायपिंग त्यानं केलं, आणि (ख) मध्ये "वर्षवार" राहिलं होतं ते त्यानंच दाखवलं.