बुचाखालची लाल अळी : हिप्परगा आणि उजनीच्या काठावर फ्लायने चिलापी

ट्राउट सोलापुरात मिळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या माशाला गार पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर चढलं की तो हैराण होतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा अंगावर घेववत नाही. पण तळ्यातल्या ट्राउटसाठी जी पद्धत वापरतात, ती आपल्या चिलापीला (तिलापियाला) जशीच्या तशी लागू पडते. तरंगणाऱ्या बुचाखाली एक बारकी बनावट अळी, म्हणजे फ्लाय, टांगायची आणि तळापासून वीतभर वर लटकत ठेवायची, एवढीच ती पद्धत.

ती लागू का पडते, तर खाणं तेच आहे म्हणून. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या तळ्यांवर लोक ज्या अळीची नक्कल करून ट्राउट धरतात, तिचे भाऊबंद हिप्परग्याच्या तलावातल्या गाळात भरपूर आहेत. काठावरचा मूठभर चिखल उचलून पाण्यात विसळा. दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या लाल अळ्या वळवळताना दिसतील. संध्याकाळी दिव्याभोवती डासासारखी पण न चावणारी चिलटं जमतात ना, त्यांची ही पिल्लं. गाळात प्राणवायू कमी, म्हणून यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि त्यानंच रंग लाल येतो. अळीचा कोष झाला की तो तळातून हळूहळू वर येतो. त्या वाटेवर मासा त्याला गिळतो. आपण फक्त त्या वाटेवर फ्लाय टांगून ठेवायची.

फ्लाय घरीच बांधा

मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा, आहे, त्यामुळं सुताला तोटा नाही. सोलापुरात कुणाच्या ना कुणाच्या घरी मागाचं वेस्टेज पडलेलं असतंच. लाल टेरी टॉवेलच्या सुताचा वीतभर तुकडा घ्या, त्याचा पीळ उलगडा आणि एकच पदर वेगळा काढा. अख्खं सूत गुंडाळलं तर अळी जाड होते आणि चिलापीचं तोंड बारकं असतं. गळ १२ किंवा १४ नंबरचा. त्याचा काटा, म्हणजे टोकामागचं उलटं खोड, पकडीनं दाबून सपाट करा. त्यामुळं पितळी मणी आत सरकतो आणि मासा सोडायचा झाला तर गळ सहज निघतो.

मणी गळाच्या डोळ्यापाशी नेऊन ठेवा. त्याच्यामागं शिवणाच्या दोऱ्याचे पाच-सहा वेढे घट्ट मारा, म्हणजे मणी हलणार नाही. मग गळाच्या वळणापर्यंत दोरा नेत तिथं लाल पदर आणि तांब्याची बारीक तार दोन्ही बांधा. तार मोटर रिवायंडिंगच्या दुकानात जळलेल्या कॉइलची फुकट मिळते. आधी लाल पदर मण्याकडं गुंडाळत या, एकावर एक थर न चढवता. त्याच्यावरून तार उलट्या दिशेनं मोकळ्या वेढ्यांनी आणा. उलट्या दिशेनं अशासाठी की माशाच्या दातानं सूत तुटलं तरी तार ते धरून ठेवते. मण्यामागं पांढऱ्या सुताचे दोन-चार तंतू गव्हाच्या दाण्याएवढे बाहेर ठेवले की कोषाचे कल्ले झाले. शेवटी गाठी मारून वर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब. घरात नेलपॉलिश कुणाची आहे ते विचारून घ्या.

लाल सोडून दुसरा रंग हवा असेल तर काळा. हिरवी, चॉकलेटी, चमकीची अशी डबीभर रंगांची पोरांना हौस असते. मला विचाराल तर लाल आणि काळा या दोन रंगांत काम भागतं. राहिलेला वेळ खोली मोजण्यात घालवा.

बूच

बाजारात तयार बुचं, म्हणजे इंडिकेटर, मिळतात, पण जुन्या स्लीपरचा फोम त्याहून मला बरा वाटतो. थर्माकोल नको, त्याचे कण सुटून काठभर होतात. स्लीपरच्या टाचेतून बोटाच्या पेराएवढा लांबट तुकडा कापा, गोधडीच्या सुईनं मधून आरपार भोक पाडा, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) ओवा आणि दात कोरायच्या काडीची खुंटी दाबून बसवा. खुंटी सैल केली की बूच वर-खाली सरकतं.

आता बादली भरून घ्या. फ्लाय बांधून बूच पाण्यात सोडा. निम्म्याहून जास्त बुडून उभं राहिलं तर बरोबर. आडवं पडून तरंगत असेल तर फ्लाय हलकी आहे किंवा बूच मोठं आहे, सुरीनं तासत आणा. मोठं बूच खाली ओढायला माशाला जोर लागतो. जोर लागला की त्याला शंका येते, आणि चिलापी तोंडात घेतलेली वस्तू क्षणात थुंकते. बुचाचं वरचं टोक भगवं रंगवा. उजनी धरणाच्या हिरव्यागार पाण्यावर ते लांबून दिसतं. संध्याकाळी सूर्य समोर असेल आणि पाणी चकाकत असेल तेव्हा मात्र काळं टोक जास्त चांगलं दिसतं, म्हणून एक काळं बूच खिशात असू द्या.

रॉड ५ नंबरचा, ९ फुटी, त्यावर तरंगणारी फ्लायची दोरी. दोरीच्या टोकाला १० ते १२ फूट तंगूस, शेवटचे तीनेक फूट बारीक. फ्लायरॉड नसेल तर फोल्डिंगची लांब काठी घ्या आणि टोकाला थेट तंगूस बांधा. काठाजवळ तेही छान चालतं. शिकायला तर मी तेच सांगेन.

खोली

सगळी गंमत इथं आहे. पेपरात रोज उजनीचे टक्के छापून येतात. उजनीत एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा, म्हणजे टक्क्यांत न धरलेलं तळचं पाणी. म्हणून ‘उजनी मायनसमध्ये’ ही बातमी आली तरी पाणी अफाट असतं. फक्त काठ मैलभर मागं गेलेला असतो. ज्या जागी दिवाळीत छातीएवढं पाणी होतं तिथं उन्हाळ्यात कलिंगडं लावलेली असतात. त्यामुळं मागच्या वेळची खोली या वेळी कामाची नाही, दर वेळी नव्यानं मोजायची.

मोजायची रीत सोपी. कपाटाच्या जुन्या चावीला कडी घाला आणि ती कडी फ्लायच्या गळात अडकवा. बूच अंदाजानं वर सरकवून, जिथं फ्लाय टाकायची तिथंच चावी सोडा. बूच बुडून नाहीसं झालं तर खोली जास्त आहे, बूच आणखी वर घ्या. आडवं पडून राहिलं तर चावी तळाला टेकून तंगूस सैल पडलाय, बूच खाली घ्या. टोक नेमकं पाण्याबरोबर आलं आणि तंगूस ताणलेला राहिला की ती खोली. आता बूच एक वीत खाली फ्लायकडं सरकवा, चावी काढा. फ्लाय तळापासून वीतभर वर आली.

वीतच का, ते उजनीकाठच्या केत्तूरकडच्या एका कोळीमामांनी मला एका वाक्यात सांगितलं. बराच वेळ ते माझा खटाटोप बघत होते. मग म्हणाले, “तळाला लागलं की शेवाळ धरतंय, लई वर राहिलं की बारकं पोर धरतंय. मधी ठेव की.” बारकं पोर म्हणजे लहान मासा. तासभर झाला आणि बूच हललंच नाही तर फ्लायचा रंग बदलण्याआधी चार बोटं खोली बदला. आधी खाली, मग वर.

एक मर्यादा लक्षात घ्या. बूच एका जागी घट्ट असेल तर रॉडच्या लांबीपेक्षा जास्त खोलीवर टांगू नका. १२ फुटांवर मासा लागला तर बूच रॉडच्या टोकाला येऊन अडकतं आणि मासा हाताच्या बाहेर राहतो. ट्राउटवाले त्यासाठी झटका बसल्यावर खुंटी सुटून आपोआप खाली घसरणारं बूच वापरतात. चिलापीसाठी एवढी गरज नाही, ती ४ ते ८ फुटांत भेटते.

टाकणं आणि बघणं

बुचासकट फ्लाय टाकताना हात संथ ठेवा. मागं दोरी पूर्ण सरळ होऊ द्या, मग पुढं. घाई केली की बूच, तंगूस आणि फ्लाय यांचा गुंता होतो आणि तो सोडवण्यात सकाळ जाते.

वारा बाजूनं येईल असं उभं राहा. बारीक लाटा असतील तर सोन्याहून पिवळं. बूच वर-खाली होतं आणि खाली फ्लायही तशीच वर-खाली होते, कोष वर येतो तशी. पाणी अगदी निपचित असेल तर दर थोड्या वेळानं दोरी वीतभर ओढा आणि थांबा. ओढताना फ्लाय वर येते, थांबल्यावर खाली बसते, आणि मासा बहुतेक वेळा ती खाली बसताना घेतो. वाऱ्यानं दोरीला पोट पडलं आणि बूच ओढलं जायला लागलं तर रॉडनं ती दोरी उचलून वारा जिकडून येतो तिकडं टाका. जलपर्णीचा गालिचा असेल तर त्याच्या कडेपासून हातभर अलीकडं टाका, आत नको.

आता बूच वाचायचं. सरळ खाली गेलं तर लहान पोरालाही कळतं, पण तेवढ्याचीच वाट बघत बसलात तर निम्मे मासे गेले. उभं बूच अचानक आडवं पडलं तर मासा फ्लाय घेऊन वर आलाय. लाटेबरोबर जाणारं बूच मध्येच थबकलं, तरी उचला. वाऱ्याच्या उलट दोन बोटं सरकलं, तर नक्कीच उचला. नुसतं थरथरत असेल तर बारकी पोरं टोचतायत, जागा बदला. उचलायचं म्हणजे डोक्यावर झटका मारायचा नाही. डाव्या हातानं दोरी ओढा आणि उजव्या हातानं रॉड बाजूला फूटभर न्या. काटा दाबलेला असल्यामुळं पुढं दोरी कायम ताणलेली ठेवा.

उथळ पाण्यात परातीएवढे गोल खळगे दिसले तर ती चिलापीची घरटी. नर तिथं राखणीला असतो आणि आत पडलेली वस्तू तोंडात धरून बाहेर नेऊन टाकतो. फ्लाय खळग्याच्या कडेला टेकवली की भूक नसतानाही तो धरतो. बाहेर काढताना पाठीच्या काट्यांना जपा. डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवत काटे दाबून मगच मूठ आवळा. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. घसा फुगलेली मादी आली तर पाण्यातच गळ काढून सोडा. चिलापी १९५२ मध्ये बाहेरून आपल्या देशात आणली, ती वाढते फार, सोडायची कशाला असं कोळी लोक म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी तरी सोडतो.

कुठं बसायचं

हिप्परग्याचा, म्हणजे एकरुख तलाव तुळजापूर रस्त्यावर, १८७१ मध्ये बांधून झालेला. शहराजवळ म्हणून शिकायला तोच बरा. तलावांच्या मासेमारीचा ठेका कुणाकडं तरी असतो, त्यांना विचारून बसा. विचारलं की बहुतेक वेळा हो म्हणतात, वर चहाही मिळतो. सिद्धेश्वर तलावात गळ टाकायचा विचारसुद्धा नको. उजनीच्या काठाला उन्हाळ्यात गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पण आत मांडीपर्यंत रुततो. काठीनं टोचून मगच पाय टाका. वळवाचे ढग दिसले की रॉड खाली ठेवा आणि पाण्यापासून लांब व्हा. कार्बनच्या रॉडमधून वीज जाते.

आणि कधी काश्मीरच्या विशनसर-गंगबलकडं ट्रेकला गेलात किंवा निलगिरीत अव्हलांची तलावाकडं, तर आधी तिथल्या मत्स्य खात्याचा परवाना काढा. तिथं ट्राउट आहे. तंगूस एक नंबर बारीक घ्या, कारण पाणी नितळ असतं. खोली मात्र चावीनंच मोजा. आणि लाल फ्लाय घरूनच डझनभर बांधून न्या. टॉवेलचं वेस्टेज तिकडं मिळत नाही.